आपले दप्तर आपल्या घरी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे जुनी कागदपत्रे शोधत गावोगाव फिरले. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे तिचे २२ खंड झाले. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर रुमालांत बांधलेली दप्तरे पडून असत. काही वाळवीने खाल्ली, काही पावसात भिजली, काही रद्दीत गेली. तरी एक गोष्ट त्या कागदांच्या बाजूने होती. ते मालकाच्या घरात होते. जपायचे की रद्दीत घालायचे, हे घरच्यांच्या हाती होते.

आज आपली पत्रे, लग्नाचे फोटो, नातवाचे पहिले शब्द असे सारे दुसऱ्याच्या घरी ठेवलेले असते. भाडे पडत नाही, म्हणून आपणही चौकशी करत नाही. पण घरमालकाने एके दिवशी ‘जागा रिकामी करा’ म्हटले तर? गेल्या पाव शतकात असे अनेकदा घडले आहे.

‘जिओसिटीज’चे उदाहरण घ्या. १९९४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या सेवेवर कुणालाही फुकट स्वतःचे पान उभारता येई. कुणी आपल्या गावाची माहिती लिहिली, कुणी दिवंगत मुलाच्या आठवणी. १९९९ मध्ये याहूने ती विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी अमेरिकेत ती बंद केली. जेसन स्कॉट यांनी त्याच वर्षी उभ्या केलेल्या ‘आर्काइव्ह टीम’ या स्वयंसेवकांच्या गटाने रात्रंदिवस खपून जमेल तेवढी पाने उतरवून घेतली आणि वर्षभराने तो साठा सर्वांसाठी खुला केला. संगणकाच्या युगातले हे राजवाड्यांचेच काम म्हणायचे. मात्र जे त्यांच्या हाती लागले नाही, त्यातले बरेच कायमचे गेले.

आपल्याकडच्या अनेकांना ‘ऑर्कुट’ आठवत असेल. जानेवारी २००४ मध्ये गूगलने ते सुरू केले. नाव होते ते घडवणाऱ्या तुर्की अभियंत्याचे, ऑर्कुट ब्युक्कोक्तेन यांचे. ब्राझील आणि भारत या दोन देशांत ते विशेष लोकप्रिय झाले. शाळेतले हरवलेले मित्र तिथे सापडले, परदेशी गेलेल्या मुलांना तिथे मराठीत गप्पा मारायला कट्टा मिळाला. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. पण जिओसिटीजच्या तुलनेत एक मोठा फरक होता. आपली माहिती, मित्रांनी लिहिलेले ‘स्क्रॅप’ आणि प्रशस्तीचे चार शब्द उतरवून घ्यायला सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत होती आणि त्यासाठी साधनही होते.

हे साधन कुठून आले? २००७ मध्ये गूगलच्या शिकागो कार्यालयात ब्रायन फिट्झपॅट्रिक यांच्या पुढाकाराने अभियंत्यांचा एक छोटा गट तयार झाला. त्यांनी स्वतःला गमतीने ‘डेटा लिबरेशन फ्रंट’, म्हणजे माहितीमुक्ती आघाडी, असे नाव घेतले. त्यांचे म्हणणे साधे होते : ग्राहक टिकायचा तो सेवा चांगली म्हणून, अडकून पडला म्हणून नव्हे. त्यांनी घडवलेले ‘टेकआउट’ हे साधन जून २०११ मध्ये लोकांपुढे आले. त्याआधी, ऑक्टोबर २०१० मध्ये, फेसबुकनेही स्वतःची माहिती उतरवून घेण्याची सोय दिली होती.

कंपनीच्या मर्जीवरची ही सोय कायद्याने हक्क झाली ती युरोपात. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या तिथल्या नियमावलीच्या विसाव्या कलमाने नागरिकाला आपण दिलेली माहिती, यंत्राला वाचता येईल अशा सर्रास वापरातल्या स्वरूपात परत मागण्याचा आणि दुसरीकडे नेण्याचा अधिकार दिला. भारतात २०१९ च्या विधेयकात अशी तरतूद होती. २०२३ मध्ये संमत झालेल्या कायद्यात ती राहिली नाही. माहितीचा गोषवारा मागण्याचा, ती दुरुस्त करण्याचा वा पुसून टाकण्याचा हक्क त्यात आहे, आपल्या पश्चात हे हक्क बजावायला वारस नेमण्याचीही सोय आहे. पण बिऱ्हाड उचलून नेण्याचा हक्क नाही. यावर आपल्याकडे जेवढी चर्चा व्हायला हवी होती, तेवढी झाली नाही.

आणि हक्क असला तरी तो वेळेवर बजावावा लागतो. मार्च २०१९ मध्ये ‘मायस्पेस’ने सांगितले की सर्व्हर बदलताना २०१६ पूर्वी चढवलेले संगीत नष्ट झाले. एका अंदाजानुसार ती पाच कोटींहून अधिक गाणी होती. तिथे कुणी आधी नोटीस दिली नव्हती. याउलट फेब्रुवारी २०११ मध्ये एका बिघाडामुळे जीमेलच्या काही ग्राहकांच्या पेट्या अचानक रिकाम्या दिसू लागल्या, तेव्हा गूगलने ती पत्रे परत आणली ती चक्क चुंबकीय फितींवरून! फिती जाळ्यापासून वेगळ्या ठेवलेल्या होत्या, म्हणून त्या बिघाड त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही.

ज्यांच्या भरवशावर आपण निर्धास्त आहोत, ते स्वतः मात्र वेगळी प्रत ठेवतात, हे ध्यानात घ्या. पीटर क्रोघ या अमेरिकी छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला नियम आहे तीन-दोन-एकचा : प्रती तीन, साठवणीचे प्रकार दोन आणि त्यांतली एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या ठिकाणी. दिवाळीच्या साफसफाईत माळा आवरतो, तसा वर्षातून एक दिवस यासाठी काढावा. आपल्या सेवेच्या ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन माहिती उतरवण्याची मागणी नोंदवावी, आलेली फाइल उघडून पाहावी, एक प्रत हार्ड डिस्कवर घ्यावी आणि एक गावाकडच्या भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवायला द्यावी. न उघडता ठेवलेली प्रत म्हणजे न वाचलेले दप्तरच. आत वाळवी लागली आहे की नाही, ते वेळ आल्यावरच कळते. आणि घरातल्या कुणाला तरी ती कुठे ठेवली आहे, हेही सांगून ठेवावे. उद्याच्या राजवाड्यांना आपल्या माळ्यावर काही सापडायचे असेल, तर ते आधी आपल्या माळ्यावर असायला हवे.