न पिकलेल्या पिकाचा भाव

१९१४ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॅक डन नावाच्या गृहस्थांनी एकोणीस वर्षांचा एक मुलगा विकला. विकला हा शब्द मी बुद्ध्याच योजीत आहे. त्या धंद्यात तोच शब्द रूढ होता आणि व्यवहार सर्वस्वी कायदेशीर होता. डन हे एका बेसबॉल संघाचे मालक. त्या वर्षी एका नव्या बंडखोर लीगने त्यांच्या मैदानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, दुसरा संघ उभा केला. प्रेक्षक तिकडे वळले, डन यांची तिजोरी रिती झाली आणि त्यांनी आपले उत्तमोत्तम खेळाडू एकामागून एक बाजारात काढले. बोस्टनने घेतलेल्या त्या मुलाचे नाव जॉर्ज रूथ. पुढे त्यास सारे जग बेब रूथ म्हणून ओळखू लागले. साडेपाच वर्षांनी बोस्टनने त्यास न्यू यॉर्कच्या संघास विकले, तेव्हा किंमत पडली एक लाख डॉलर.

श्रोत्यांपैकी पुष्कळांना ह्या खेळाची फारशी ओळख नसेल. तो आपल्या क्रिकेटचा दूरचा भाऊबंद आहे, एवढे जाणले तरी आजच्या कथेपुरते पुरे. तेथे चेंडू टाकणाऱ्यास पिचर म्हणतात आणि चेंडू थेट कुंपणापार धाडला की त्यास होम रन म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठ्या शहरांचे सोळा संघ दोन मेजर लीगांत खेळत. त्यांच्या खाली गावोगावच्या शेकडो लहान संघांच्या मायनर लीग, पायरीपायरीने लावलेल्या. १९०१ साली ह्या लहान लीगांनी शिकागो येथे आपला राष्ट्रीय संघ स्थापन केला, आणि लवकरच मोठ्यांशी करार झाला, की मोठ्या संघाने ठरीव रक्कम मोजून लहान संघाचा खेळाडू उचलावा. खेळाडूच्या करारात मात्र एक कलम असे की हंगाम संपला तरी त्याच्यावरचा हक्क मालकाकडेच राहावा. मालक विकील तेव्हा त्याने जावे, न विकील तर राहावे.

अशा बाजारात तरुण खेळाडूचा भाव ठरावा कसा? कोकणात मोहोर पाहून आमराई मक्त्याने घेणारा व्यापारी जो हिशेब मनात मांडतो, तोच येथेही. मोहोर किती, वारा कसा, आणि विकणाऱ्याची नड किती. डन ही विद्या फार लवकर शिकले. १९१९ नंतर काही वर्षे त्यांची लीग त्या ठरीव रकमेच्या करारातून बाहेर पडली होती. तेव्हा लेफ्टी ग्रोव्ह ह्या विलक्षण वेगवान पिचरला त्यांनी पाच हंगाम आपल्यापाशीच ठेवले. १९१९ पासून १९२५ पर्यंत सलग सात वर्षे त्यांच्या संघाने लीग जिंकली. ग्रोव्हला त्यांनी १९२४ साली फिलाडेल्फियास दिले ते एक लाख सहाशे डॉलरला! वरचे सहाशे रूथच्या किमतीवर मात करण्यासाठी, असे सांगतात. ग्रोव्हने पुढे मेजर लीगमध्ये तीनशे सामने जिंकले. पण तेथे पाऊल टाकले तेव्हा तो पंचविशीत होता. डन यांच्या तिजोरीसाठी खर्ची पडलेल्या त्या वर्षांचा मोबदला ग्रोव्हला कोणी दिला नाही.

बाजार असा चढा असता गरीब संघाने काय करावे? हा प्रश्न सेंट लुईसच्या कार्डिनल्स संघाचे चालक ब्रँच रिकी ह्यांच्यापुढे उभा राहिला, आणि त्यांच्या उत्तराने ह्या खेळाचा इतिहास पालटला. रिकी ओहायोच्या एका धार्मिक शेतकरी कुटुंबातले, १८८१ चा जन्म, कायद्याचे पदवीधर, रविवारी मैदानावर पाऊल न ठेवणारे. १९१७ साली ते कार्डिनल्सकडे आले तेव्हा संघ कर्जात बुडालेला. पाहुण्यांपुढे कचेरीची लाज राहावी म्हणून त्यांनी घरचा गालिचा आणून अंथरला, अशी आठवण सांगितली जाते. त्यांचे सर्वांत मोठे दुःख निराळेच होते. रिकींनी एखाद्या लहान संघास अमुक मुलाची किंमत विचारावी, की त्या मालकाने श्रीमंत संघांस कळवावे, रिकी विचारीत आहेत, तुम्ही काय देता? पारख रिकींची आणि फळ दुसऱ्याचे, असा हा प्रकार.

तेव्हा त्यांनी ठरविले, की बाजारात जावयाचेच नाही. पीक स्वतःच काढावयाचे. १९२० साली संघाचे अध्यक्ष झालेल्या सॅम ब्रेडन ह्यांनी जुने मैदान विकून टाकले (त्या जागी पुढे हायस्कूल उभे राहिले) आणि दुसऱ्याच्या मैदानावर भाडेकरू म्हणून राहावयाचे पत्करले. हाती आलेल्या पैशातून ह्यूस्टन, सिरॅक्यूज, फोर्ट स्मिथ अशा गावच्या संघांत भागीदारी घेतली गेली. सर्वांसाठी खुल्या चाचणी-छावण्या भरल्या. शेकडो पोरे यावीत, धावावीत, चेंडू फेकावा, आणि रिकींनी कडेला बसून निवड करावी. पायांचा वेग आणि हाताचा जोर ह्या दोन देणग्या शिकवून येत नाहीत, हा त्यांचा मुख्य आडाखा. ह्या पद्धतीस अमेरिकेत ‘फार्म’, म्हणजे शेत, हेच नाव पडले. १९२६ साली कार्डिनल्सनी न्यू यॉर्कला हरवून प्रथमच जागतिक अजिंक्यपद मिळविले. त्या संघातील बॉटमली आणि हेफी हे दोघेही ह्याच शेतावर तयार झालेले. १९४० च्या सुमारास बत्तीसएक संघ आणि सहाशेहून अधिक तरुण कार्डिनल्सच्या ताब्यात होते.

सहाशे तरुण, आणि वरच्या संघात जागा जेमतेम पंचवीस. उरलेल्यांचे काय? ह्या पद्धतीचे खरे मर्म मला येथेच दिसते. उरलेला माल विकावयाचा. रिकींच्या पगाराखेरीज खेळाडूंच्या विक्रीच्या नफ्यातही त्यांचा वाटा असे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या अनेक निर्णयांवर प्रकाश पडतो. खेळाडू एक वर्ष उशिरा विकण्यापेक्षा एक वर्ष आधी विकावा, हे सूत्र त्यांच्या नावे प्रसिद्ध आहे. डिझी डीन ह्या पिचरने १९३४ च्या हंगामात तीस सामने जिंकून दिले. १९३७ साली एका चेंडूने त्याच्या पायाचे बोट मोडले. बोट बरे होण्याआधीच तो खेळू लागला, चेंडू टाकण्याची ढब बिघडली आणि दंड दुखावला. १९३८ च्या एप्रिलमध्ये रिकींनी त्यास शिकागोस देऊन एक लाख पंच्याऐंशी हजार डॉलर व वर तीन खेळाडू घेतले. शिकागोस दुखापत ठाऊक नव्हती असे नव्हे; नावाचा मोह दांडगा. त्या वर्षी डीनने सात सामने जिंकले, पुढे सारे मिळून नऊ. सूत्र येथे बिनचूक लागू पडले. पण १९४१ च्या डिसेंबरात जॉनी माइझला पन्नास हजार डॉलर आणि तीन खेळाडू घेऊन दिले, तो गडी १९५३ पर्यंत खेळला, आणि १९४७ साली त्याने एकावन्न होम रन ठोकले. रिकींचे भक्त ह्या सौद्याची आठवण क्वचितच काढतात. अर्थात १९४२ साली कार्डिनल्सनी माइझवाचूनही अजिंक्यपद मिळविले, आणि तो संघ जवळजवळ सगळा घरच्याच शेतावरचा होता, हेही सांगितले पाहिजे.

खेळाडू स्वतः ह्या व्यवस्थेस साखळदंडातील कैद्यांची टोळी म्हणत. बेसबॉलचे आयुक्त, न्यायमूर्ती लँडिस, ह्यांनाही ती मनापासून नावडती होती. लहान गावाचा संघ त्या गावाचाच असावा, असे त्यांचे मत. एकाच लीगमधील एकाहून अधिक संघांवर कार्डिनल्सनी आडवाटेने ताबा मिळविल्याचे १९३८ साली उघड झाले, तेव्हा लँडिस यांनी सत्तराहून अधिक तरुणांना एका फटकाऱ्यासरशी मोकळे केले. त्यांत पीट रायझर होता. ब्रुकलिनने त्यास नाममात्र रकमेत घेतले, आणि १९४१ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, तो आपल्या लीगमधला पहिल्या क्रमांकाचा फलंदाज ठरला. तथापि लँडिस यांच्या आज्ञेने पद्धत मोडली नाही. इतर संघांनी तीच उचलली होती.

पारख किती फसवी असते हे पाहावयाचे तर स्टॅन म्यूझिअलकडे पाहावे. पेन्सिल्व्हेनियातील डोनोरा हे कारखान्यांचे गाव. वडील पोलंडहून आलेले कामगार. मुलाने चेंडू खेळून पोट भरावे हे त्यांस मान्य नव्हते. आईने त्यांचे मन वळविले. १९३८ साली महिना पासष्ट डॉलरवर मुलगा कार्डिनल्सच्या एका खालच्या संघात पिचर म्हणून रुजू झाला. १९४० साली फ्लॉरिडात त्याने अठरा सामने जिंकले, पण फलंदाजी बरी म्हणून रिकाम्या दिवशी त्यास क्षेत्ररक्षणास उभे करीत. तेथे एक झेल घेण्यासाठी त्याने झेप टाकली आणि डावा खांदा जमिनीवर आपटला. चेंडू टाकण्याचा तोच हात. १९४१ च्या वसंतात त्यास बाजारात कोणी काय दिले असते? हात मेलेला पिचर, वय वीस, लग्न झालेले. स्प्रिंगफील्डच्या खालच्या संघाने त्यास केवळ फलंदाज म्हणून ठेवून घेतले. जुलैत तो रॉचेस्टरला गेला आणि सप्टेंबरात थेट सेंट लुईसला. पुढे बावीस हंगाम एकाच संघाकडून खेळून त्याने तीन हजार सहाशे तीस वेळा यशस्वी टोला मारला. रिकींच्या चतुर योजनेत त्या खांद्याचा कोठेच समावेश नव्हता.

ह्या सर्व काळात तरुणांची एक मोठी जमात शेताच्या कुंपणाबाहेर होती, ती म्हणजे कृष्णवर्णी खेळाडू. त्यांच्या लीग निराळ्या. १९४२ नंतर रिकी ब्रुकलिनला गेले, आणि १९४५ च्या ऑक्टोबरात त्यांनी जॅकी रॉबिन्सनशी करार केल्याचे जाहीर झाले. त्यास आधी माँट्रिऑलच्या मायनर लीग संघात धाडले. १९४६ च्या हंगामात तो त्या लीगमधला पहिला फलंदाज ठरला. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनच्या मैदानात उतरला. ह्या घटनेचे महत्त्व मी सांगावयास नको. पण एक बारीक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. रॉबिन्सन ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्स संघाकडून खेळे, त्यास रिकींनी एक डॉलरही दिला नाही. तुमचा करार करारच नव्हे, असे म्हटले. ज्या गृहस्थाने आपल्या पारखीचे फळ दुसरा नेतो म्हणून शेते उभी केली, त्यानेच दुसऱ्याच्या पारखीचे फळ फुकट नेले. त्याच वर्षी क्लीव्हलँडने लॅरी डोबीला घेतले, तेव्हा बिल व्हीक ह्यांनी डोबीच्या नेवार्क येथील संघास निदान पंधरा हजार डॉलर मोजले. गोऱ्या खेळाडूच्या मानाने ती किंमत तुटपुंजी होती, पण तिने मालकी तरी मान्य केली.

१९६५ साली शाळा-कॉलेजांतील मुलांची पाळीपाळीने निवड करण्याची पद्धत आली. १९७५ च्या डिसेंबरात एका लवादाने तो जन्माचा हक्क सांगणारा अर्थ रद्द ठरविला. तरीही मेजर लीगमधील पहिली सहा वर्षे खेळाडू संघाशी बांधलेलाच राहिला. त्यामुळे झाले काय, की होतकरू मुलाचा भाव अधिकच वाढला. सहा वर्षे स्वस्तात राबणारा गडी कोणास नको? आणि हंगामाच्या शेवटी शर्यतीत असलेला संघ एका अनुभवी पिचरसाठी घरचे बियाणे देऊ लागला.

ह्या व्यवहारातील दोन सौदे जोडीने पाहण्याजोगे आहेत. १९८७ च्या ऑगस्टमध्ये डिट्रॉइटने छत्तीस वर्षांच्या डॉइल अलेक्झांडरसाठी अटलांटास वीस वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ दिला. १९९० च्या ऑगस्टमध्ये बोस्टनने सदतीस वर्षांच्या लॅरी अँडरसनसाठी ह्यूस्टनला बावीस वर्षांचा जेफ बॅगवेल दिला. दोन्ही म्हाताऱ्यांनी चोख काम केले. अलेक्झांडरने तर नऊ सामने जिंकले, हरला एकही नाही. दोन्ही संघांनी आपला विभाग जिंकला, दोघांनीही टोराँटोस अवघ्या दोन सामन्यांनी मागे टाकून. दोघेही पुढच्याच फेरीत गारद झाले. स्मोल्ट्झने नंतर दोनशे तेरा सामने जिंकले, बॅगवेलने चारशे एकोणपन्नास होम रन मारले, आणि दोघांचीही नावे खेळाच्या कीर्तिमंदिरात लागली.

आज बोस्टनला हसणे सोपे आहे. परंतु १९९० साली खालच्या लीगमध्ये बॅगवेलने उभ्या हंगामात चारच होम रन मारले होते. स्मोल्ट्झ तर चार सामने जिंकून दहा हरलेला. कागद पाहून निर्णय करणाऱ्यास फार दोष देता येत नाही. मला लागते ती गोष्ट वेगळी. स्मोल्ट्झ मिशिगनचाच, डिट्रॉइटच्या संघावर लहानपणापासून जीव टाकणारा; त्याचे आजोबा त्याच मैदानावर नोकरीस. बॅगवेल बोस्टनमध्ये जन्मला, शेजारच्या कनेक्टिकटात वाढला, आणि बोस्टनचाच भक्त. घराण्याने ज्या संघास देव मानले त्यानेच दूर धाडावे, आणि तेही आपणांस एक शब्द न विचारता! संघांच्या हिशेबाच्या वहीत ह्या गोष्टीस रकाना नव्हता.

आणि जे कोठेच पोहोचले नाहीत त्यांचे? मायनर लीगचा पगार इतका अल्प असे की पुष्कळजण हिवाळ्यात दुसरी कामे करून हंगामाची वाट पाहात. २०१४ साली त्यांपैकी काहींनी किमान वेतनासाठी दावा लावला. तो २०२२ साली मिटला, आणि मालकांना अठरा कोटी पन्नास लक्ष डॉलर मोजावे लागले. डिझी डीनच्या किमतीची बरोबर हजारपट, हा केवळ योगायोग. त्याच वर्षी मायनर लीगचे खेळाडू प्रथमच संघटनेत सामील झाले. २०२३ च्या पहिल्या करारान्वये सर्वांत वरच्या पायरीवरील खेळाडूचे किमान वार्षिक वेतन पस्तीस हजार आठशे डॉलर ठरले.