बँकेच्या दारात तारण कुणाचं चालतं?

आंबा घाटाच्या अलीकडे देशावरची शेवटची मोठी पेठ म्हणजे मलकापूर. घाट उतरला की कोकण. १८४४ च्या बंडानंतर इंग्रजांनी विशाळगड पाडला आणि पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचा कारभार इथं आला. जहागीर कोल्हापूर संस्थानच्या अंकित. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरच्या अशा गावात पैसा फिरणारच. पण तो कुणाच्या हातात फिरत होता?

या मुलखातल्या बँकांचा इतिहास संस्थापकांच्या तसबिरींपासून सुरू होतो. १९१३ साली राजर्षी शाहूंनी संस्थानात सहकारी संस्थांचा कायदा केला आणि त्याच वर्षी कोल्हापूर अर्बन बँक उभी राहिली. १९४३ मध्ये रत्नाकर बँक आली. भागभांडवल, ठेवी, पहिले अध्यक्ष हे सगळं नीट लिहून ठेवलेलं आहे. कर्ज कुणाला मिळत नव्हतं, हे मात्र कुणी लिहीत नाही.

कर्जाला तारण लागतं, नाहीतर दोन जामीनदार लागतात. महाराच्या नावावर जमीन असायची, पण ती वतनाची. गावकी आणि सरकारी राबणुकीच्या बदल्यातली. घाटाखालच्या ब्रिटिश मुलखात तर १८७४ च्या वतन कायद्यानं अशी जमीन सरकारच्या परवानगीशिवाय बाहेरच्या माणसाकडे गहाण टाकता येत नव्हती. म्हणजे हातात जमीन आहे, पण बँकेच्या लेखी ती शून्य! मग उरला सावकार. त्याला तारण म्हणून माणसाचे कष्टच चालायचे. आणि जामीन राहायचं कुणी? ज्याच्या सावलीचा विटाळ होतो, त्याच्या कागदावर सही करायला पेठेतला कोणता व्यापारी पुढे येणार होता?

शाहू महाराजांना हे कळलं होतं, असं माझं मत आहे. १९१८ मध्ये त्यांनी महार वतन बंद करून त्या जमिनी रयतावा करण्याचा हुकूम काढला. सहकाराचे अभ्यासक १९१३ चा कायदा आवर्जून सांगतात आणि १९१८ चा हुकूम 'समाजसुधारणा' या खात्यात टाकून मोकळे होतात. खरं तर हा दुसरा हुकूम पहिल्याइतकाच पतपुरवठ्याचा होता. जमीन आपली झाल्याशिवाय पत येत नाही.

बाबासाहेबांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला आणि १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात वतन कायदा दुरुस्तीचं बिल मांडलं. आपल्याकडे एकाला अर्थशास्त्र म्हणतात, दुसऱ्याला चळवळ. माणूस तोच आहे.

१९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के निघाला, व्यापारी बँकांचा ०.९. सावकारांचा जवळपास ७० टक्के. सहकार कायदा येऊन तेव्हा जवळपास अर्धं शतक झालं होतं. जमीनवाल्या कुणब्याची ही गत, तर वतनदार महाराची काय असेल?

कनिष्ठ गावकामगार वतनं १ ऑगस्ट १९५९ पासून रद्द झाली. शेतसाऱ्याच्या तिप्पट रक्कम भरून जमिनी परत मिळाल्या, पण नव्या शर्तीवर. हस्तांतरणाला कलेक्टरची परवानगी हवीच. आजही महार वतनाचा सातबारा घेऊन बँकेत गेलात, तर अधिकारी आधी इतर हक्कांचा रकाना वाचतो.