उतरणार कुठे?

मुंबईला जायचे ठरले की आम्हा बडोदेकरांच्या घरात पहिला प्रश्न तिकिटाचा नसतो. पहिला प्रश्न असतो, "उतरणार कुठे?" गाडी रात्रीची मिळते, पहाटे मुंबई येते, बडोदे ते मुंबई सेंट्रल हे अंतर 392 किलोमीटर. तेवढे आम्हाला सोपे. अवघड असते ते पुढचे. मुलीची परीक्षा, कोणाचा व्हिसा, कोणाचे टाटा रुग्णालयातले दाखवणे. चार माणसांनी दोन रात्री राहायचे म्हटले तर बऱ्या हॉटेलचे भाडे ऐकूनच परत फिरावेसे वाटते. आणि स्वस्त म्हणून सांगितलेल्या जागी बायकामुलांना घेऊन जायला मन धजत नाही. स्वस्त हवे, स्वच्छ हवे, आणि 'घरच्यांसाठी' हवे. या तीन गोष्टी एका जागी मिळणे मुंबईत आजही कठीण आणि शंभर वर्षांपूर्वीही कठीणच होते.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने या प्रश्नाचे उत्तर गिरगावात शोधले होते. मुंबई सेंट्रल स्टेशन सुरू झाले 1930 च्या डिसेंबरात. त्याआधी गुजरातकडून येणारा मराठी माणूस बहुधा ग्रँट रोडला उतरायचा. काखेत वळकटी, हातात फिरकीचा तांब्या. तिथून गिरगाव पायी जाण्याच्या अंतरावर. चाळीत कोणी ना कोणी निघायचेच: मावशीचे दीर, शेजाऱ्यांचे भाचे. दोन खोल्यांत दहा माणसे असली तरी अकराव्याला गॅलरीत पथारी मिळायची. ज्यांना तेवढीही ओळख नव्हती त्यांच्यासाठी खाणावळी होत्या, धर्मशाळा होत्या, आणि पुढे माधवाश्रमासारखी मराठी वळणाची उतरण्याची ठिकाणे होती. पाटावर बसून आमटी-भात, झोपायला जागा, सकाळी बंबातले गरम पाणी. परमुलखात एवढे मिळाले की माणूस सुखावतो.

यांपैकी एका जागेचे नाव तर इतिहासात कायमचे लिहिले गेले. क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तिथे उतरत. जुलै 1920 मध्ये तिथेच ते आजारी पडले आणि 1 ऑगस्टला, मध्यरात्र उलटल्यावर, तिथेच त्यांनी देह ठेवला. भर पावसात लाखोंचा जनसमुदाय तिथून गिरगाव चौपाटीपर्यंत चालत गेला. ज्यांनी 1893 मध्ये घरातला गणपती चौकात आणण्याच्या कामाला जोर दिला, ज्यांच्यामुळे आज मांजलपूरच्या या मांडवात आपण सगळे एकत्र बसतो, त्यांचा शेवटचा मुक्काम स्वतःच्या घरी नव्हता. तो एका उतरण्याच्या जागेत होता. उतरण्याची जागा ही किरकोळ गोष्ट नाही, हे सांगायला एवढे एक उदाहरण पुरे.

पण या गोड आठवणींत एक गोष्ट आपण सहसा सांगत नाही. त्या काळच्या अनेक खाणावळींच्या पाट्यांवर स्वच्छतेच्या आधी जात लिहिलेली असे. दारात भाव सांगण्याआधी नाव-गाव विचारले जाई, आणि त्या प्रश्नाचा खरा रोख आडनावाकडे असे. आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांना त्या प्रश्नाचा त्रास झाला नाही, कारण त्यांचे उत्तर दारात चालण्यासारखे होते. म्हणून तो प्रश्न आपल्या आठवणीतही राहिला नाही. ज्याचे उत्तर चालले नाही, त्याच्या मात्र तो जन्मभर लक्षात राहिला. आणि ही गोष्ट मुंबईतली नाही, आपल्या बडोद्यातली आहे.

1913 मध्ये श्रीमंत सयाजीराव महाराजांनी एका हुशार तरुणाला शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. तरुणाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. सप्टेंबर 1917 मध्ये करार पाळण्यासाठी ते बडोद्याला आले. वय 26. अमेरिका आणि इंग्लंड पाहून आलेला हा माणूस बडोद्याच्या स्टेशनवर उतरला तेव्हा त्याच्यापुढेही तोच प्रश्न होता: उतरणार कुठे?

पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी हे सगळे लिहून ठेवले आहे. बडोद्यात हिंदूंच्या खाणावळी होत्या, ज्यांना इथे 'वीशी' म्हणतात. तिथे आपल्याला जागा मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. खोटे नाव सांगितले तर मिळेल, पण उघडकीस आले तर काय होईल, याचीही कल्पना होती. शेवटी ते टांग्यातून एका पारशी धर्मशाळेत गेले. ती फक्त पारशांसाठी होती. राखणदाराला पैशाची गरज होती, कारण तिथे कोणी उतरतच नसे. राहण्या-जेवणाचा दिवसाला दीड रुपया ठरला आणि वहीत एक पारशी नाव लिहिले गेले. वर एक लहानशी खोली आणि बाजूला अडगळीने भरलेला मोठा दिवाणखाना. विजेचे दिवे नाहीत, सोबतीला माणूस नाही. कंदिलाच्या उजेडात ते वाचत बसत. दिवसा अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काम आणि रात्री ही कोठडी.

अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिना चढून वर आले. तू कोण, इथे कसा, असा जाब विचारला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला बजावले. बाबासाहेबांनी थोडी मुदत मागितली, ती मिळाली नाही. शहरात दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर जातील. ख्रिस्ती मित्राने पत्नीचे कारण पुढे केले. मुंबईची गाडी रात्री 9 वाजता होती. मधले सुमारे पाच तास ते कामाठी बागेत, म्हणजे आपल्या सयाजीबागेत, बसून राहिले. मग गाडीत बसले आणि मुंबईला गेले. तिथे परळच्या बीआयटी चाळीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. आपल्याला जी मुंबई महागडी आणि परकी वाटते, तिथल्या चाळीतल्या दोन खोल्याच त्यांना आसरा देऊ शकल्या. बडोद्यासारखे प्रशस्त शहर देऊ शकले नाही.

आपल्याला सयाजीराव महाराजांचा अभिमान आहे आणि तो असावाच. 1906 मध्ये सबंध राज्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण त्यांनी सुरू केले. अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या. याच महाराजांनी एका मुलाला समुद्रापार पाठवले. पण महाराजांचा हुकूम कचेरीत चालत होता, वीशीच्या उंबरठ्यावर चालत नव्हता. तिथे आपला हुकूम चालत होता. मराठी असो, गुजराती असो, हिंदू असो, पारशी असो, त्या एका बाबतीत सगळ्या बडोद्याचे उत्तर एकच होते. महाराजांची थोरवी सांगताना आपण शिष्यवृत्तीपाशी थांबतो. ती गोष्ट अकराव्या दिवसापर्यंत सांगायला हवी.

महाराष्ट्रात या प्रश्नाला खरे उत्तर दिले ते एका निरक्षर माणसाने. गाडगे महाराज स्वतः कुठेही, झाडाखालीही, पाठ टेकत. पण पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे त्यांनी इतरांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. ज्याला बडोद्यात एका धर्मशाळेतून बाहेर काढले, त्याच्याच संस्थेच्या हाती एक धर्मशाळा आली. 1956 च्या डिसेंबरात, दोन आठवड्यांच्या अंतराने, दोघेही गेले. आज दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात येणारे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. मुंबईत स्वस्त, स्वच्छ आणि घरच्यांसाठी जागा कशी असावी याचा तो धडाच आहे. तिथे माणसाला उतरवून घेतात ते त्याची गरज पाहून.

आता आपल्या मांजलपूरकडे येऊ. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथल्या वाड्यांतून इकडे आली. वाड्यात ओसरी होती, पाहुणा ओसरीवर निजायचा. फ्लॅटमध्ये ओसरी नसते. पण वरची खोली असते, मुले परदेशी गेल्यामुळे बंद पडलेली सदनिका असते. कोणी विद्यापीठात शिकायला येतो, कोणी नोकरीला, कोणी सयाजी रुग्णालयात आईला घेऊन. ते आपल्या दाराशी येतात आणि भाडे विचारतात. आपण आधी काय विचारतो? "पूर्ण नाव काय?" हा प्रश्न आपण सहज विचारतो, काही वेळा आणखी दोन प्रश्न जोडतो, आणि मग खोली 'कालच दिली' असे सांगतो. ही चूक इतरांची म्हणून आम्ही सांगत नाही. आमच्याही घरांत हे घडले आहे.

सयाजीबागेतली ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. दरवर्षी 23 सप्टेंबरला तिथे लोक जमतात. 2018 मध्ये तर अनंत चतुर्दशी नेमकी त्याच दिवशी आली होती. एकीकडे विसर्जनाचे ढोल, दुसरीकडे बागेत त्या पाच तासांची आठवण. आमची मंडळाच्या सभासदांना एक विनंती आहे. या वर्षी विसर्जनानंतर एखाद्या सकाळी मुलानातवंडांना घेऊन तिथे जाऊन या आणि ही गोष्ट त्यांना पूर्ण सांगा. आणि पुढच्या वेळी कोणी खोली पाहायला आला, तर भाडे सांगा, नियम सांगा, ओळखपत्र मागा, अनामत घ्या. आडनावावरून मात्र उत्तर ठरवू नका.

दहा दिवस आपण बाप्पाला घरी उतरवून घेतो, तेव्हा फक्त जागा स्वच्छ आहे ना एवढेच पाहतो. दारात येणाऱ्या माणसालाही तेवढेच पुरे असते.

गणपती बाप्पा मोरया!