उतरून, ओलांडून, जाऊन

मुंबईत रे रोड स्टेशनबाहेर दारुखान्याची वाट विचारली की उत्तर साधारण असं येतं: ‘पूल उतरून, रस्ता ओलांडून, पुढं जाऊन विचारा.’ कामं चार, पुरं क्रियापद एकच. ‘आणि’ नाही, ‘मग’ नाही. सगळी रांग ‘ऊन’नं लावलेली.

जपानीत हे काम ‘ते’ हा प्रत्यय करतो. ‘ओकिते, काओ ओ आरात्ते, ओचा ओ नोमिमास’ म्हणजे उठून, तोंड धुऊन, चहा पितो. शब्दाला शब्द लावत गेलं तरी काही हलवावं लागत नाही.

दोन्ही प्रत्यय जुने, पण रक्ताचं नातं नाही. ‘ऊन’ हा महाराष्ट्री प्राकृतातल्या ‘ऊण’चा वारस, जुन्या मराठीत तो ‘करूनि’, ‘करोनि’ असा भेटतो. ‘ते’ निघाला ‘त्सु’ या क्रिया पुरी झाल्याचं सांगणाऱ्या जुन्या सहायक शब्दातून. भाषाशास्त्रज्ञ कॉलिन मसिका यांनी 1976 मध्ये भारतीय भाषांच्या अशा सवयी नकाशांवर मांडल्या, तेव्हा ही सवय मध्य आशियातून थेट कोरिया-जपानपर्यंत पोचलेली दिसली.

खोडी मात्र ज्याच्या त्याच्या. ‘ऊन’ला बहुधा एकच कर्ता लागतो; ‘पाऊस पडून रस्ता खचला’ ही सवलत. ‘ते’ कर्ता बदलला तरी कुरकुरत नाही. त्याला ‘कारा’ जोडून ‘ताबेतेकारा’ म्हटलं, की आधी जेवण उरकणार, बाकीचं नंतर, हे पक्कं होतं. नवं वाक्य सुरू करायचं तर ‘सोरेकारा’. ‘सोरे’ म्हणजे ते, ‘कारा’ म्हणजे पासून. आपलं ‘तिथून पुढं’!

जपानीशी जोडणारी गंमत खुद्द रे रोडच्या नावात आहे. लॉर्ड रे, जन्मानं हेगचे, 1885 ते 1890 मुंबईचे गव्हर्नर होते. पुढं लंडनमध्ये पौर्वात्य भाषा शिकवण्याची सोय कशी करावी, याचा विचार करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष झाले. अहवाल 1909 मध्ये आला. लगेच 1910 च्या डिसेंबरात कुर्ल्याहून सुटलेली हार्बरची गाडी त्यांच्या नावाच्या स्टेशनात येऊन थांबू लागली. तेव्हा मार्ग तिथंच संपे. अहवालातून उभी राहिलेली संस्था, आजची ‘सोआस’, 1917 मध्ये उघडली.

जपान दुसऱ्या महायुद्धात उतरला आणि ब्रिटनला जपानी जाणणारी माणसं पुरेनात. मग 1942 मध्ये सरकारनं शाळकरी मुलं निवडून, डलिच कॉलेजात त्यांच्या राहण्याची सोय करून, याच संस्थेत त्यांना पौर्वात्य भाषा शिकायला बसवलं. जपानी समाजाचे अभ्यासक म्हणून पुढं नावाजलेले रोनाल्ड डोर त्यांतलेच.