चिंच कोणाची, राख कशाची? न्हाणीघरातल्या गंजाचा छोटा इतिहास

१/ नळाच्या बुडाशी तांबूस डाग दिसला की साक्रीतल्या कोणत्याही घरात एकच सल्ला मिळतो : "चिंच लाव, नाहीतर लिंबू फिरव." उपाय लागूही पडतो. परंतु हा उपाय मुळात लोखंडासाठी नव्हताच. तो कोणत्या धातूचा होता आणि त्याचा निम्मा भाग आपण कुठे विसरलो, हे पाहण्यासाठी हा थ्रेड.

२/ कान आणि पांझरा यांच्या खोऱ्यात बंधारे व पाटांच्या आधारे चालणाऱ्या फड पद्धतीने शेताला शतकानुशतके पाणी मिळाले. घरात मात्र पाणी डोक्यावरून येई आणि तांब्या-पितळेत राही. हंडा, कळशी, पाणी तापवण्याचा बंब, अंघोळीचे घंगाळ, सारे याच धातूंचे. 'तांब्या' हे नावच धातूवरून पडलेले. लोखंडाची जागा तवा, विळा, पहार आणि नांगराचा फाळ यांत होती.

३/ दोन धातू, दोन नियम. तांबे काळवंडले की चिंच व मीठ लावून घासायचे, मग राखेने उजळायचे. लोखंडाला मात्र कोरडे पुसून तेलाचा हात. आंबट पदार्थ लोखंडी कढईत काळा पडतो, हे प्रत्येक सुगरणीला ठाऊक होते. लोखंड आणि आंबट मुद्दाम एकत्र आणी तो वैद्य : रसशास्त्रातील धातुशोधनात तापवलेले लोह तेल, ताक, गोमूत्र, कांजी आणि कुळथाचा काढा यांत विझवले जाई.

४/ या भेदामागे रसायन आहे. चिंचेतले टार्टारिक आम्ल आणि लिंबातले सायट्रिक आम्ल कार्ल विल्हेल्म शेले या रसायनशास्त्रज्ञाने अनुक्रमे १७६९ आणि १७८४ मध्ये वेगळे केले. ही आम्ले धातूवरचा ऑक्साइडचा थर विरघळवतात. तांब्यावरचा थर गेला की क्रिया जवळजवळ थांबते. लोखंडावर ती थांबत नाही. गंज संपल्यावर आम्ल खालच्या चांगल्या लोखंडालाही खाऊ लागते.

५/ आता राख. आपण तिला केवळ घासण्याची पूड समजतो. पण लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते, म्हणजे ती अल्कधर्मी. भांड्यावर उरलेले आम्ल ती मारते. 'आधी चिंच, मग राख' या क्रमाचे मर्म हेच. अल्कधर्मी परिसरात लोखंडही सहसा गंजत नाही; काँक्रीटमधल्या सळ्या टिकतात त्या त्यामुळेच.

६/ १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल याने लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. पुढे असेच जस्ती नळ पाणी घेऊन घराघरांत शिरले. न्हाणीतला धातू बदलला. चिंच तीच राहिली. त्यानंतर गॅस आला, चूल गेली आणि चुलीबरोबर राखही गेली. उपायाचा दुसरा निम्मा भाग असा हरवला.

७/ राखेची जागा खाण्याच्या सोड्याने घेतली, पण क्रम मोडून. लिंबू आणि सोडा एकत्र ओतले की फेस येतो आणि पाहणाऱ्याला वाटते, गंज निघाला! तो फेस कार्बन डायऑक्साइडचा. आम्ल आणि सोडा यांची शक्ती एकमेकांवरच खर्च होते. गंजाच्या वाट्याला फारसे काही उरत नाही.

८/ मग करावे काय?
• आधी डाग ओळखा. बेसॉल्टमधल्या जड पाण्याचा पांढरा थर हा क्षार, गंज नव्हे. क्रोम चढवलेल्या पितळी नळावरचा तांबूस डाग बहुधा लोखंडी पाइपातल्या पाण्यातून आलेला असतो.
• चिंचेचा कोळ किंवा लिंबू पंधरा-वीस मिनिटेच लावा. जस्त व क्रोमवर त्याहूनही कमी. रात्रभर कधीच नको.
• मीठ टाळा. तांब्यासाठी ते गुणकारी, लोखंडाला मात्र गंजवणारे.
• काथ्याने घासा, धुवा, मग सोड्याच्या पाण्याने पुसा, पुन्हा धुवा, कोरडे करा. शेवटी तेलाचा थेंब.
• शहाबादी फरशीवर आम्ल सांडू देऊ नका; ती चुनखडीची असते, डाग पडतो.
• ब्लीचिंग पावडरबरोबर आम्ल कधीही नको. विषारी क्लोरीन वायू निघतो.

९/ 'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी, असे जुन्या पिढ्यांनी मानले नव्हते. चिंचेची धार त्यांना माहीत होती, म्हणूनच तिच्यामागोमाग राख येई. परंपरेतून आपण वस्तू उचलली आणि क्रम सोडून दिला. पुढच्या वेळी नळावर लिंबू फिरवाल तेव्हा शेवटचा तेलाचा हात विसरू नका. न्हाणीतल्या लोखंडापुरता जुना नियम तोच होता.