पासबुकातला तिसरा रकाना

उमंग अ‍ॅपवर पीएफचं पासबुक उघडा. तीन रकाने दिसतील: तुमचा वाटा, कंपनीचा वाटा आणि पेन्शन. पहिल्या दोघांवर दरवर्षी व्याज चढतं, तिसऱ्यावर छदामही नाही. (2014 च्या सप्टेंबरनंतर पहिल्यांदा नोकरीला लागला असाल आणि मूळ पगार 15,000 च्या वर असेल, तर तो रकाना रिकामाच असेल.) व्याज का नाही, याचं उत्तर 16 नोव्हेंबर 1995 या तारखेत आहे.

त्याआधी 1971 ची कुटुंब पेन्शन योजना होती. कामगार नोकरीत असताना वारला, तर घरच्यांना पेन्शन. निवृत्त झाला, तर हातात थोडी एकरकमी रक्कम. 1995 मध्ये हा सगळा निधी नव्या पेन्शन योजनेत वळवला गेला आणि मालकाच्या वाट्यातले पगाराचे 8.33 टक्के दरमहा तिकडे जाऊ लागले. पीएफमध्ये तुमच्या नावावर रक्कम असते. इथे फक्त सूत्र: पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. कामगार संघटना कोर्टात गेल्या. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योजना वैध ठरवली.

खरी मेख ‘पगार’ या शब्दात आहे. त्याची कमाल मर्यादा आधी 5,000, 2001 पासून 6,500, 2014 पासून 15,000. म्हणून महिन्याला 1,250 च्या वर काही जात नाही, मग पगार लाखभर का असेना. 35 वर्षं भरून पेन्शन 7,500. जुन्या कामगारांचं तर विचारूच नका. 1995 पूर्वीच्या वीसहून जास्त वर्षांची किंमत, पगार 2,500 पर्यंत असेल तर, महिना 150 रुपये धरली गेली. निवृत्तीला जितकी वर्षं उरली, त्यानुसार तिला गुणक. 2014 मध्ये किमान पेन्शन 1,000 करावी लागली ती यामुळेच. बुलढाण्यात पेन्शनर साखळी उपोषणाला बसले ते 7,500 मागायला.

पूर्ण पगारावर वर्गणी भरायची एक वाट 1996 मध्ये ठेवली होती. फार थोड्यांना ती कळली, 2014 मध्ये ती बंद झाली. 4 नोव्हेंबर 2022 च्या निकालाने ती काही काळ पुन्हा उघडली, पण अट अशी की मागच्या सगळ्या वर्षांचा फरक व्याजासकट परत भरायचा.

माझे काका 2019 मध्ये निवृत्त झाले. पीएफ घराच्या कर्जात गेला होता. त्यांनी तीनदा हिशेब मांडला, मुदत वाढली तशी चौथ्यांदाही मांडला. अर्ज भरलाच नाही.