लेखापरीक्षण कायदे, भारतातील

कंपन्यांच्या हिशेबांची तपासणी कोणी व कशी करावी आणि तीत कसूर झाल्यास कोणास जबाबदार धरावे, यांविषयी भारतात वेळोवेळी झालेले कायदे व नियम. सरकारी हिशेबांच्या परीक्षणाचा विकास १८६० मध्ये महालेखापरीक्षकाचे पद निर्माण झाल्यापासून वेगळ्या मार्गाने झाला असल्याने त्याचा विचार येथे केलेला नाही.

१८५७ च्या कायद्याने भागधारकांना मर्यादित जबाबदारीचे संरक्षण मिळाले आणि व्यवहाराची फारशी जाण नसलेल्यांचा पैसाही कंपन्यांत येऊ लागला. त्यातील धोका मुंबईने लवकरच अनुभवला. अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले व शेअरांची बेसुमार सट्टेबाजी झाली. १८६५ मध्ये युद्ध संपताच ती कोसळली आणि १८६८ मध्ये बँक ऑफ बाँबेही गुंडाळावी लागली. तथापि १८६६ व १८८२ च्या कंपनी कायद्यांनी लेखापरीक्षकाची अर्हता ठरविली नाही.

ती उणीव भरून निघाली १९१३ च्या कायद्याने. १ एप्रिल १९१४ पासून लेखापरीक्षण सक्तीचे झाले व त्यासाठी प्रांतिक सरकारचे प्रमाणपत्र आवश्यक ठरले. ही प्रमाणपत्रे दोन प्रकारची होती. अनिर्बंध प्रमाणपत्र ब्रिटिश हिंदुस्थानात सर्वत्र चाले. निर्बंधित प्रमाणपत्र मात्र त्या प्रांतापुरते व त्यात नमूद केलेल्या भाषेपुरतेच. पुष्कळ पेढ्यांच्या वह्या देशी भाषांत लिहिल्या जात, हे ध्यानात घेता भाषेची अट विचित्र वाटू नये. खटकते ते दुसरेच : इंग्लंडमधील विशिष्ट संस्थांच्या सदस्यांना व्यवसायाचा हक्क आपोआप मिळे, भारतीयांना तो परीक्षा देऊन मिळवावा लागे. या दृष्टीने मुंबई सरकारने १९१८ मध्ये सुरू केलेली ‘जी. डी. ए.’ ही पदविका महत्त्वाची ठरली. पुढे १९३२ च्या नियमांनी प्रमाणपत्रांचा अधिकार केंद्राकडे जाऊन ‘रजिस्टर्ड अकाउंटंट’ हा वर्ग निर्माण झाला. १ जुलै १९४९ रोजी सनदी लेखापालांच्या संस्थेची कायद्याने स्थापना झाली व व्यवसायाचे नियमन व्यवसायाकडेच आले.

त्यानंतरच्या कायद्यांचा भर तपासणीच्या व्याप्तीवर राहिला. १९५६ च्या कंपनी कायद्यानुसार ताळेबंद ‘खरे व वाजवी’ चित्र दाखवितो किंवा नाही, हे लेखापरीक्षकाने भागधारकांना कळवावयाचे असे. १९६५ मध्ये परिव्यय लेखापरीक्षणाची तरतूद झाली. १९७५ च्या आदेशाने मालाच्या साठ्याची प्रत्यक्ष मोजणी, कर्जे यांसारख्या बाबींवर स्पष्ट अभिप्राय देणे भाग पडले. लेखापरीक्षक हा राखणदार कुत्रा आहे, माग काढणारा नव्हे, हे १८९६ मधील इंग्रजी निवाड्यातील मत भारतातही दीर्घकाळ प्रमाण मानले जाई.

त्या मताला मोठा धक्का बसला तो ७ जानेवारी २००९ रोजी. हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी, वह्यांतील पाच हजार कोटींहून अधिक रोख व बँकशिल्लक अस्तित्वातच नसल्याची कबुली दिली. बँकेतील शिल्लक ताडून पाहणे हा लेखापरीक्षणाचा अगदी प्राथमिक धडा आहे. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने दोषी ठरविलेल्यांत दोन लेखापरीक्षकही होते. २०१३ च्या कंपनी कायद्याने सूचिबद्ध व काही अन्य कंपन्यांत व्यक्तीस सलग पाच वर्षे व लेखापरीक्षण-संस्थेस सलग दहा वर्षे अशी कमाल मर्यादा घातली, त्याच कंपनीला काही अन्य सेवा देण्यास मनाई केली आणि गैरव्यवहार आढळल्यास, तो मोठा असल्यास केंद्र सरकारला, कळविण्याचे कर्तव्य लादले. १ ऑक्टोबर २०१८ रोजी राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण स्थापन झाले. सूचिबद्ध व मोठ्या कंपन्यांच्या लेखापरीक्षकांना दंड करण्याचा व त्यांच्यावर दहा वर्षांपर्यंत व्यवसायबंदी घालण्याचा अधिकार त्याला आहे. म्हणजेच १९४९ मध्ये व्यवसायाकडे सोपविलेला अधिकार काही अंशी परत घेण्यात आला.

नियुक्तीचे मूळ सूत्र मात्र बदललेले नाही. सरकारी कंपन्यांचा लेखापरीक्षक नियंत्रक व महालेखापरीक्षक नेमतात. खाजगी कंपनीत तो भागधारकांच्या सभेत नेमला जातो. तेथे बहुधा प्रवर्तकांचेच मताधिक्य असते आणि त्याचे मानधनही कंपनीच देते.